प्रकाश रक्तातील खूण कशी हेरतो?

विद्यार्थी मित्रहो, आधी एक साधा प्रयोग करा. नक्षी नसलेला, बाहेरून कोरडा असा काचेचा पेला घ्या आणि तो जवळजवळ काठोकाठ पाण्याने भरा. पेला हातात सैलसर धरा. आता वरून, पाण्याच्या पृष्ठभागातून, पेल्याच्या उभ्या भिंतीकडे पाहा. भिंत आरशासारखी चकाकत असेल आणि तिच्यापलीकडची तुमची बोटे दिसणार नाहीत. मग बोटे किंचित ओली करून पेल्यावर घट्ट दाबा. त्या चकाकत्या भिंतीवर बोटांच्या टोकांवरील वळणदार रेषा एकदम उमटतील.

असे का व्हावे? बोटाच्या कातडीवर उंचवटे आणि खाचा असतात. उंचवटा काचेला टेकला की तेथला आरसा मोडतो. खाच काचेपासून फार तर केसाच्या जाडीइतकी दूर असते, परंतु तेथे आरसा जसाच्या तसा राहतो. म्हणजे काचेच्या आत राहिलेल्या प्रकाशाला काचेच्या बाहेर काय टेकले आहे हे कळते. जे टेकलेले नाही ते मात्र कळत नाही.

हेच तत्त्व वापरून रक्तातील कर्करोगाच्या खुणा शोधण्याचा प्रयत्न गेली चार दशके चालू आहे. त्यात प्रकाशाचे अपवर्तन आहे, पूर्ण आंतरिक परावर्तन आहे आणि थोडी अंकगणितातली टक्केवारी आहे. हे तिन्ही विषय तुम्ही शाळेत शिकता. म्हणून हे उपकरण काय करते, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे काय करू शकत नाही, हे तुम्हाला नीट समजू शकेल.

शोध कशाचा?

शरीरात कर्करोगाची गाठ वाढू लागली की तिच्या पेशींतून किंवा तिच्या आसपासच्या पेशींतून काही प्रथिने रक्तात उतरतात. निरोगी माणसाच्या रक्तातही ती बहुधा असतातच, पण अत्यल्प असतात. अशा पदार्थांना जैवचिन्हके म्हणतात. डॉक्टर मंडळी बायोमार्कर हा शब्द वापरतात. माँट्रिऑल येथे गोल्ड आणि फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये शोधलेले सीईए हे प्रथिन मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या संदर्भात मोजले जाते. सीए-१२५ हे अंडाशयाच्या कर्करोगासाठी, तर पीएसए हे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी मोजतात.

आपण पीएसएचे उदाहरण घेऊ. त्याची रूढ मर्यादा एका मिलिलिटरमागे ४ नॅनोग्रॅम अशी आहे. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. आता याच रक्तद्रवात अल्ब्युमिन नावाचे एक नेहमीचे प्रथिन असते. ते एका मिलिलिटरमध्ये सुमारे ४० मिलिग्रॅम, म्हणजेच ४ कोटी नॅनोग्रॅम असते. भागाकार करून पाहा. पीएसएच्या एका भागामागे अल्ब्युमिनचे एक कोटी भाग! पंढरपूरच्या यात्रेत हरवलेले मूल शोधणे यापुढे सोपेच म्हणायचे, कारण एक कोटी माणसे तेथेही जमत नाहीत.

लेबल लावण्याची रीत

एवढ्या गर्दीतून एक रेणू निवडून काढण्याचे काम निसर्गाने आधीच करून ठेवले आहे. आपल्या शरीरात प्रतिपिंडे नावाची प्रथिने तयार होतात. प्रत्येक जातीचे प्रतिपिंड एका ठराविक आकाराच्या रेणूलाच घट्ट पकडते, जशी एखादी किल्ली तिच्याच कुलपात बसते. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे प्रयोगशाळेत हवी तितकी तयार करण्याची पद्धत शोधली. त्याबद्दल त्यांना १९८४ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

प्रतिपिंडाने रेणू पकडला हे खरे. पण पकडला हे आपल्याला कळणार कसे? रेणू डोळ्यांना दिसत नाही आणि पकडताना आवाजही होत नाही. यावर पहिला उपाय निघाला तो असा, की रेणूला एखादी खूण बांधायची. रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९६० च्या सुमारास किरणोत्सारी आयोडीनची खूण वापरून रक्तातील इन्शुलिन मोजले. या कामाबद्दल यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन त्यापूर्वीच, १९७२ मध्ये, वारले होते. १९७१ मध्ये स्टॉकहोम येथे एंगव्हॉल आणि पर्लमन यांनी किरणोत्सारी पदार्थाऐवजी रंग निर्माण करणारे विकर जोडले. ही पद्धत एलायझा या नावाने जगभर पसरली. कोविडच्या साथीत घरच्या घरी तपासणी करण्याच्या पट्टीवर जी रंगीत रेघ उमटे, तीही प्रतिपिंडांना जोडलेल्या रंगीत सूक्ष्मकणांचीच होती.

या खुणेला लेबल म्हणतात. पद्धत उत्तम आहे आणि रुग्णालयांत रोज वापरली जाते. परंतु तिच्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे लेबल लावणे, न चिकटलेले लेबल धुऊन काढणे, मग मोजणे अशा पायऱ्या वाढतात. दुसरी अडचण अशी, की मोजमाप शेवटी एकदाच होते. रेणू किती वेगाने आले, किती घट्ट चिकटले आणि किती सहज सुटले, हा मधला सारा इतिहास हातातून निसटतो. म्हणून लेबलाशिवाय, रेणू चिकटत असतानाच तो हेरता येईल काय, असा प्रश्न पुढे आला.

आरशाच्या पाठीमागची लहर

आता आपण प्रकाशाकडे वळू. काचेचा अपवर्तनांक १.५१ आणि पाण्याचा १.३३ धरा. काचेतून पाण्याकडे जाणारा किरण एका ठराविक कोनापेक्षा अधिक तिरपा असेल तर तो पाण्यात शिरतच नाही; सगळाच्या सगळा काचेत परत फिरतो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात, आणि त्या सीमेवरच्या कोनाला क्रांतिक कोन. १.३३ ला १.५१ ने भागले की ०.८८ येतात. ज्या कोनाचे साइन ०.८८ आहे तो कोन सुमारे ६२ अंशांचा.

पाठ्यपुस्तकातील आकृतीत किरण सीमेला स्पर्श करतो आणि लगेच वळतो असे दाखवलेले असते. प्रत्यक्षात प्रकाश ही लहर आहे आणि लहर सीमेवर अशी कापल्यासारखी थांबत नाही. तिचा थोडा अंश पलीकडे डोकावतो. जसजसे दूर जावे तसतसा तो झपाट्याने क्षीण होत जातो, आणि काही शेकडा नॅनोमीटर अंतरात जवळजवळ नाहीसा होतो. या विरत जाणाऱ्या लहरीला इव्हॅनेसन्ट तरंग म्हणतात. आपण तिला विरती लहर म्हणू. या विरत्या लहरीच्या टप्प्यात काही आले नाही तर सगळी ऊर्जा परत फिरते. काही आले तर तिच्यातील ऊर्जेचा काही भाग तेथे हिरावला जातो. पेल्यावरच्या बोटाच्या उंचवट्याने हेच केले.

पण पीएसएचा रेणू म्हणजे बोट नव्हे. तो काही नॅनोमीटरचा. त्याच्या स्पर्शाने परावर्तनात पडणारा फरक अतिशय सूक्ष्म असतो. तो ठळक करण्यासाठी सोने मदतीला येते.

सोन्याचा पापुद्रा आणि समुद्राची लाट

काचेच्या लोलकाच्या तळाला सोन्याचा सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा थर देतात. सोनाराकडचा वर्ख याच्या दुप्पट जाड असतो. म्हणून हा थर ठोकून नव्हे, तर निर्वातात सोन्याची वाफ करून ती काचेवर बसवून तयार करतात. सोन्याच्या एका बाजूला लोलक आणि दुसऱ्या बाजूला तपासायचा द्रव, अशी ही मांडणी असते.

धातूत मुक्त इलेक्ट्रॉन असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. धातू आणि द्रव यांच्या सीमेवर हे इलेक्ट्रॉन सगळे मिळून पुढेमागे डोलू शकतात, आणि त्यांच्या डोलण्याची लहर सीमेवरून धावू शकते. वाऱ्याने पिकावरून लहर धावावी तशी. या लहरीला पृष्ठीय प्लाझ्मॉन असे नाव आहे. तिची एक खोड आहे. ती पाण्यातील प्रकाशापेक्षा थोडी सावकाश धावते. त्यामुळे पाण्याच्या बाजूने सोन्यावर कितीही प्रकाश टाकला तरी तिचा आणि प्रकाशाचा मेळ बसत नाही. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला तरच झोका वाढतो. लय चुकली तर श्रम वाया जातात. येथेही तसेच आहे.

मग मेळ कसा बसवावा? कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावर उभे राहून लाटा पाहा. लाट किनाऱ्याला अगदी समांतर आली तर ती सगळीकडे एकाच क्षणी फुटते. ती तिरपी आली तर फुटण्याची जागा किनाऱ्यावरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत जाते. लाट जितकी अधिक तिरपी, तितकी ही जागा सावकाश धावते. गणिताने सांगायचे तर स्पर्शबिंदूचा वेग म्हणजे लाटेच्या वेगाला आपाती कोनाच्या साइनने भागून येणारी संख्या.

हाच नियम प्रकाशलहरीला लावा. प्रकाशाचा निर्वातातील वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. काचेत तो ३ भागिले १.५१, म्हणजे सुमारे १.९९ लाख किलोमीटर होतो. पाण्यात सुमारे २.२६ लाख. ६२ अंशांच्या क्रांतिक कोनाला काचेतील लहरीचा स्पर्शबिंदू २.२५ लाखांच्या वेगाने, म्हणजे जवळजवळ पाण्यातील प्रकाशाच्याच वेगाने धावतो. कोन वाढवून ७२ अंश केला तर साइन ०.९५ होते आणि स्पर्शबिंदूचा वेग २.०९ लाखांवर उतरतो. म्हणजे केवळ कोन बदलून आपण हा वेग हवा तसा कमी करू शकतो! सोने आणि पाणी यांच्या सीमेवर लाल प्रकाश वापरला तर सत्तर अंशांच्या थोडे पुढे गेल्यावर हा वेग इलेक्ट्रॉनांच्या लहरीच्या वेगाशी तंतोतंत जुळतो.

जुळला की काय होते? विरती लहर पातळ सोन्यातून पलीकडे पोहोचते आणि आपली ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्या लहरीला देऊन टाकते. सोन्यात तिची अखेर उष्णता होते. परत फिरणारा प्रकाश त्या कोनाला जवळजवळ नाहीसा होतो. पडद्यावर परावर्तित प्रकाशाचा पट्टा घेतला तर त्यात एक काळी रेघ उमटते. मात्र प्रकाशलहरीचे विद्युत् क्षेत्र आपाती प्रतलात डोलणारे असावे लागते. म्हणून प्रकाश आधी ध्रुवीकरण करणाऱ्या पट्टीतून पाठवतात. या सगळ्या घटनेला पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुस्पंदन असे लांबलचक नाव आहे. आपल्याला काळी रेघ एवढे पुरे.

आता खरी गंमत पाहा. सोन्याच्या पलीकडच्या बाजूला प्रथिनाचे रेणू चिकटले, तर तेथील पाण्याची थोडी जागा प्रथिनाने घेतली. प्रथिनाचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा जास्त. त्यामुळे इलेक्ट्रॉनांची लहर आणखी मंदावते, आणि तिच्याशी मेळ बसण्यासाठी प्रकाशाला आणखी तिरपे व्हावे लागते. काळी रेघ आपल्या जागेवरून सरकते. रेघ किती सरकली यावरून किती रेणू चिकटले ते कळते. लेबल नाही, रंग नाही, किरणोत्सार नाही!

एक्क्याऐंशी वर्षांची वाट

ही काळी रेघ कर्करोग शोधण्यासाठी कोणी मुद्दाम शोधून काढलेली नाही. १९०२ मध्ये अमेरिकेतील भौतिकीविद रॉबर्ट वुड धातूवर बारीक रेघा ओढलेल्या जाळीवरून प्रकाशाचे वर्णपट घेत होते. त्यात त्यांना अनपेक्षित जागी काळे आणि तेजस्वी पट्टे दिसले. त्यांना कारण सांगता आले नाही, परंतु त्यांनी ती नोंद प्रसिद्ध केली. १९४१ मध्ये उगो फानो यांनी या पट्ट्यांचा संबंध धातूच्या पृष्ठभागावरील लहरींशी जोडला. १९५७ मध्ये रुफुस रिची यांनी पातळ धातुपटलातील इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक डोलण्याचे गणित मांडले. १९६८ मध्ये जर्मनीत आंद्रेआस ओटो यांनी, आणि स्वतंत्रपणे क्रेचमन व रेथर यांनी, लोलक वापरून ही लहर उठवण्याची सोपी युक्ती शोधली. आपण वर पाहिलेली मांडणी क्रेचमन आणि रेथर यांचीच. शेवटी १९८३ मध्ये स्वीडनमधील लिडबर्ग, निलँडर आणि लुंडस्ट्रॉम यांनी दाखवून दिले, की काळ्या रेघेच्या सरकण्यावरून प्रतिपिंडांची पकड ओळखता येते. १९९० मध्ये स्वीडनमध्येच या तत्त्वावरचे उपकरण बाजारात आले.

वुड यांनी न समजलेली गोष्ट वहीत नोंदवली नसती तर? प्रयोगवहीत अपेक्षेप्रमाणे न आलेले वाचन खोडू नका, असे शिक्षक का सांगतात याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

उपकरण कसे चालते?

प्रथम सोन्यावर प्रतिपिंडे बसवायची. गंधकयुक्त संयुगे सोन्याला आपसूक घट्ट धरतात, म्हणून त्यांचा एक थर देऊन त्यावर प्रतिपिंडे बांधतात. सोने वापरण्याचे हे एक कारण. दुसरे असे, की चांदीची रेघ अधिक बारीक येत असली तरी चांदी काळवंडते, सोने काळवंडत नाही. मग त्यावरून आधी नुसता क्षारद्रव वाहू देतात. आलेखावर आडवी सरळ रेषा येते. नंतर तपासायचा नमुना सोडतात. त्यात ते प्रथिन असेल तर आलेख चढू लागतो आणि हळूहळू सपाट होतो. पुन्हा क्षारद्रव सोडला की सुटणाऱ्या रेणूंमुळे आलेख उतरू लागतो. चढ किती तीव्र यावरून रेणू किती वेगाने चिकटतात ते, आणि उतार किती मंद यावरून पकड किती घट्ट ते समजते. शेवटी सौम्य आम्लाने धुतले की पृष्ठभाग बहुधा पुन्हा वापरता येतो.

या आलेखावरील एक एकक म्हणजे ढोबळमानाने दर चौरस मिलिमीटरवर एक पिकोग्रॅम प्रथिन. पिकोग्रॅम हा नॅनोग्रॅमचा हजारावा भाग. एका एककाने रेघ अंशाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी सरकते. एवढेसे सरकणेही उपकरण टिपू शकते.

लेबलाविना प्रकाशाने मोजण्याच्या आणखीही रीती आहेत. सहलीला विजापूरचा गोलघुमट पाहिला असेल तर सज्जातील कुजबुज भिंतीच्या कडेकडेने पलीकडच्या टोकाला पोहोचते, हे तुम्ही ऐकले असेल. सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेल्या सूक्ष्म कड्यात प्रकाशही असाच गोल गोल फिरवतात. ज्या तरंगलांबीच्या लहरी कड्याच्या परिघात पूर्ण संख्येने बसतात त्यांनाच कडे धरून ठेवते. कड्याला रेणू चिकटले की ही तरंगलांबी किंचित बदलते. मांडणी वेगळी असली तरी टेहळणी त्याच विरत्या लहरीची.

उपकरणाला काय कळत नाही?

येथे जरा थांबा. आतापर्यंतचे वाचून वाटेल, की रक्ताचा थेंब सोन्यावर टाकला आणि कर्करोग सापडला. तसे होत नाही. का होत नाही, हाच या लेखातला मुख्य मुद्दा आहे.

उपकरणाला रेणूचे नाव कळत नाही. पृष्ठभागाजवळचा अपवर्तनांक बदलला, इतकेच त्याला कळते. चिकटलेला रेणू पीएसएचा की अल्ब्युमिनचा, हे काळी रेघ सांगू शकत नाही. ओळख पटवण्याचे काम सर्वस्वी प्रतिपिंडाचे आहे. लेबलाच्या पद्धतीत निदान लेबल बांधलेले प्रतिपिंडच तेवढे मोजले जाते. येथे जे जे टेकेल ते ते मोजले जाते. लेबल गेले, त्याबरोबर त्याचा पहाराही गेला.

हा धोका केवढा आहे ते आकड्यांनी पाहू. एक चौरस मिलिमीटर सोन्यावर रक्तद्रवाचा एक मिलिमीटर उंच स्तंभ उभा आहे असे समजा. मिलिलिटरमागे ४ नॅनोग्रॅम या हिशेबाने त्या स्तंभात पीएसए फक्त ४ पिकोग्रॅम. ते सगळे खाली येऊन चिकटले तरी आलेख ४ एककेच चढेल. त्याच स्तंभात अल्ब्युमिन ४ कोटी पिकोग्रॅम. त्यातला दहा लाखांतला एकच भाग चुकून सोन्याला चिकटला, तरी आलेख ४० एकके चढेल. खऱ्या खुणेच्या दहापट खोटी खूण!

तापमानाचेही तसेच. पाण्याचा अपवर्तनांक एका अंश सेल्सिअसला सुमारे ०.०००१ ने बदलतो. या उपकरणावर तेवढा बदल सुमारे १०० एककांचा दिसतो. म्हणजे कोणी दार उघडले आणि द्रव एका अंशाने गार झाला, तर तेवढ्यानेच ४ एककांची खरी खूण बुडून जाईल.

यावर शास्त्रज्ञांनी उपाय शोधले आहेत. तापमान अंशाच्या लहान भागापर्यंत स्थिर ठेवतात. सोन्यावर पाण्याला धरून ठेवणाऱ्या लांब साखळ्यांच्या रेणूंचे आवरण देतात, त्यामुळे इतर प्रथिनांना टेकायला जागा मिळत नाही. शेजारी शेजारी दोन मार्ग ठेवतात: एकात पीएसएची प्रतिपिंडे, दुसऱ्यात ती नसतात. तोच नमुना दोन्हींवरून वाहू देतात आणि पहिल्यातून दुसऱ्याचे वाचन वजा करतात. तुम्ही प्रयोगशाळेत तराजूची शून्य चूक वजा करता, तसेच हे. याखेरीज, त्याच प्रथिनाचा दुसरा भाग ओळखणारे प्रतिपिंड मागाहून सोडतात. आलेख पुन्हा चढला तर ओळख पक्की, कारण दोन साक्षीदारांनी एकच नाव सांगितले.

असे असूनही रक्तातील कर्करोगाच्या खुणांची रुग्णालयातील नेहमीची तपासणी आजही बहुतांशी लेबलाच्या पद्धतींनीच होते. लेबलविरहित उपकरणांचे मोठे काम चालते ते संशोधनात. नवे औषध शरीरातील प्रथिनाला किती घट्ट धरते, कोणते प्रतिपिंड अधिक चांगले, हे तेथे रोज मोजले जाते. खुद्द रक्तात खात्रीने मोजणारे, स्वस्त आणि लहान उपकरण बनवण्याचे प्रयत्न अनेक देशांत चालू आहेत.

अचूक मोजले, पुढे काय?

समजा, असे उत्तम उपकरण उद्या हाती आले. तरीही एक प्रश्न उरतोच. पीएसए वाढले म्हणजे कर्करोग झाला काय? नाही. उतारवयात ही ग्रंथी साधीच मोठी झाली, किंवा तिला सूज आली, तरी पीएसए वाढते. सीईए धूम्रपान करणाऱ्यांत वाढलेले आढळते. सीए-१२५ पोटाच्या क्षयरोगातही वाढते, आणि क्षयरोग आपल्या देशात दुर्मीळ नाही. उलट, आकडा कमी म्हणून निर्धास्तही राहता येत नाही. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात पीएसए ४ किंवा त्याहून कमी असलेल्या पुरुषांच्या ग्रंथीचा सूक्ष्म तुकडा काढून तपासला, तेव्हा सुमारे १५ टक्के जणांत कर्करोग आढळला. हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता टक्केवारीचे एक उदाहरण सोडवू. यातील आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. एका शहरातील १ लाख लोकांची तपासणी केली. त्यांपैकी १०० जणांना खरोखर रोग आहे. तपासणी रोग्यांपैकी ९० टक्के ओळखते आणि निरोग्यांपैकी फक्त ५ टक्क्यांना चुकून रोगी ठरवते. ऐकायला छान वाटते. परंतु मोजा. रोग्यांपैकी ९० सापडले. निरोगी ९९,९०० जणांच्या ५ टक्के म्हणजे ४,९९५ जणांना खोटा इशारा मिळाला. एकूण ५,०८५ इशारे, त्यांत खरे ९०. म्हणजे इशारा मिळालेल्या शंभर जणांत खरे रोगी दोनदेखील नाहीत! बाकीच्यांच्या वाट्याला चिंता, खर्च आणि कदाचित अनावश्यक शस्त्रक्रिया.

म्हणून घरात कोणाच्या अहवालावर एखादा आकडा मर्यादेपेक्षा जास्त आला, तर घाबरून जाऊ नका आणि तो कागद बाजूलाही टाकू नका. तो आकडा म्हणजे निकाल नव्हे. तो पुढील तपासणीसाठी दिलेला एक इशारा आहे. डॉक्टर लक्षणे पाहतात, आकडा काही काळाने पुन्हा घेतात, गरज वाटली तर गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. उपचार सुरू झालेल्या रुग्णात मात्र हाच आकडा फार उपयोगी पडतो. तो उतरत गेला तर उपचार लागू पडत असण्याची शक्यता असते, आणि पुन्हा चढू लागला तर वेळीच सावध होता येते.

काळी रेघ सांगते, काहीतरी टेकले. काय टेकले ते प्रतिपिंड सांगते. त्याचा अर्थ काय, हे माणसाला ठरवावे लागते. या तीन पायऱ्या वेगवेगळ्या आहेत हे ज्याला समजले, त्याला हे उपकरण समजले. शिक्षकांनी सुरुवातीचा पेल्याचा प्रयोग वर्गात जरूर करून घ्यावा, आणि शक्य तर भौतिकी व गणित या दोन्ही तासांना.

स्वाध्याय

१. पेल्याच्या प्रयोगात पाण्याऐवजी पेला रिकामा ठेवला तर भिंत आरशासारखी का दिसत नाही? किरणाची आकृती काढून स्पष्ट करा.

२. नमुन्याचे तापमान अर्ध्या अंशाने बदलले तर आलेख सुमारे किती एककांनी हलेल? दोन मार्गांची वजाबाकी केल्यास ही चूक का निघून जाते?

३. वरील टक्केवारीच्या उदाहरणात तपासणी तीच ठेवा, परंतु लक्षणे दिसत असलेल्या १ लाख लोकांची निवड करा, आणि त्यांत रोगी १०,००० आहेत असे धरा. आता इशारा मिळालेल्यांपैकी किती जण खरे रोगी? (उत्तर: १३,५०० पैकी ९,०००, म्हणजे दोन तृतीयांश.) तीच तपासणी येथे एवढी अधिक भरवशाची का ठरली, ते आपल्या शब्दांत लिहा.